राणीची बाग : आधी झाडांची

कापडे-पोलादपूरकडून मुंबईला गेलेल्या घरांत भायखळ्याची राणीची बाग ओळखली जाते ती प्राण्यांमुळे. १८६२ साली ती खुली झाली ती मात्र वनस्पती उद्यान म्हणून. पिंजरे मागाहून आले. म्हणून तिथे पहिला हक्क झाडांचा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे डोंगरभर रान आणि देवराया असताना आखलेली बाग कशाला, असे कुणी विचारेल. देवराई इथलेच वाण राखते, आणि ते काम मोठेच आहे. पण आफ्रिकेची गोरखचिंच आणि दक्षिण अमेरिकेचा कैलासपती एकाच फेरीत बघायचे तर बागच हवी. कैलासपतीची फुले थेट खोडातून फुटतात, आत पुंकेसरांचा फणा वळलेला असतो. पोराने हे जवळून पाहावे. गर्दी पेंग्विनसाठी होते, हा आक्षेप खरा आहे. ती खुशाल होवो, पण नव्या बांधकामाने जुन्या मुळांवर काँक्रीट ओतू नये. २००७ पासून पुनर्विकासाच्या आराखड्याविरुद्ध मुंबईकर नागरिक उभे राहिले, ते ही झाडे वाचवण्यासाठीच.