शेंगदाण्याएवढे तीन रोलर

लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ. त्या सकाळी मला फक्त उतार हवा होता, आणि सोळांतला एकही रस्ता उताराचा वाटेना. बटण दाबलं की सेल्फची मोटर रिकाम्या मिक्सरसारखी घर्रर फिरायची, इंजिन मात्र ढिम्म. गाडीला किक नाही. शेवटी एक हमाल आणि पाठीवर क्लासची बॅग असलेला एक पोरगा मागे लागले. दुसरा गिअर, क्लच सोडला, दोन आचके, आणि एमएच २६ची पाटी लावलेली माझी गाडी एमएच २४च्या गर्दीत एकदाची सुरू झाली. ‘सर, सेल्फ बघून घ्या,’ पोरगा म्हणाला. शिकवण्यांच्या या गावात धाप लागलेला कुठलाही माणूस सरच असतो.

संपादकांनी मला नांदेडहून पाठवलं होतं तुरीच्या बाजारावर लिहायला. तो लेख अजून बाकी आहे. त्याऐवजी हा.

अक्काच्या दारात गाडी बंद न करताच उभी केली. दाजी बाहेर आले. एसटीच्या कार्यशाळेत उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस; हातात पाना नसला तर हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नाही. त्यांनी आधी गाडी बंद करायला सांगितली. मी ‘अहो, नको’ म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच चावी फिरवली. मग लांब पान्याचं एक टोक डाव्या कव्हरवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं, आणि मला बटण दाबायला सांगितलं.

‘मोटर फिरूलालीय, इंजन धरंना. वन-वे गेलाय.’

सेल्फ न लागण्याचे तीन आवाज असतात, असं त्यांचं म्हणणं. टिकटिकटिक वाजलं तर बॅटरी. एकदाच ‘टक्’ होऊन शांत झालं तर बहुधा मोटर. आणि मोटर मोकळी पळाली तर वन-वे. पुस्तकात याला स्टार्टर क्लच म्हणतात. वन-वे हा शब्द जास्त खरा आहे, कारण त्याचं सगळं शहाणपण एकाच दिशेचं आहे.

सेल्फची मोटर छोटी आणि चपळ. तिचा वेग मधल्या गिअरांमधून कमी होतो, जोर वाढतो, आणि तो एका मोठ्या दातेरी चाकापर्यंत येतो. हे चाक क्रँकच्याच दांड्यावर बसलेलं असतं, पण त्याला पक्कं जोडलेलं नसतं. जोडणी करतो वन-वे. मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या त्या जड वाटीच्या पाठीला बोल्टांनी आवळलेलं एक पोलादी कडं, त्यात तीन खाचा, प्रत्येक खाचेत एक रोलर, आणि रोलरला मागून रेटणारी एक बारीक स्प्रिंग. रोलर केवढे, तर सोललेल्या शेंगदाण्याएवढे.

सगळी गंमत खाचेच्या आकारात आहे. ती एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. चाक सेल्फच्या जोराने फिरलं की रोलर निमुळत्या बाजूला घरंगळतो, चाकाचा गळा आणि कडं यांच्यामध्ये चेपला जातो, आणि दोन्ही वस्तू एकजीव होऊन फिरतात. इंजिन पेटलं की कडं चाकाच्या पुढे पळतं, रोलर रुंद बाजूला सरकतो, आणि पकड सुटते. मोटर थांबली तरी इंजिन आपलं चालू. कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर ज्याने ठोकली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पाचर निमुळती असेल तर घट्ट बसते. जाड ठोकली तर उडून येते. रोलरच्या खाचेचा कोन म्हणजे तोच हिशोब, फक्त घावाऐवजी स्प्रिंगचा हलका धक्का.

सायकलच्या फ्रीव्हीललाही दिशा कळते, पण तिथे दात असतात आणि त्यांत अडकणारे ‘कुत्रे’ असतात. म्हणून ती टकटक वाजते. इथे दात नाहीत. रोलर वाटेल त्या जागी धरतो, न वाजता. मला या यंत्राचं वेड लागलं ते इथे.

मोटारीला विजेवर सुरू करणारा स्टार्टर चार्ल्स केटरिंगने बसवला तो १९१२च्या कॅडिलॅकवर. तोवर हँडल मारावं लागे, आणि उलटा झटका देऊन हँडल मनगट मोडे. दुचाकीवर अमेरिकेच्या ‘इंडियन’ कंपनीने १९१४ सालीच प्रयत्न केला, पण तेव्हाच्या बॅटऱ्यांना तो झेपला नाही. आपल्याकडे १९८०च्या दशकात कायनेटिक होंडाने बटणावरची स्कूटर दारात आणली. २००१ साली पल्सर आली तशी बटणाची हाव मोटारसायकलवाल्यांनाही लागली. मराठवाड्यात १९८५पासून वाळूजच्या कारखान्यात गाड्या बनतात, तरी बटणाचं अप्रूप आपल्याकडे बरीच वर्षं टिकलं. सासऱ्याकडे मागताना नवरदेव ‘सेल्फवाली’ असं स्पष्ट सांगत. बऱ्याच गाड्यांवरून किक मग हळूहळू नाहीशी झाली, आणि तिथे आता या तीन दाण्यांवर सगळा भार आहे.

ते झिजतात कसे? मी आपला हिशोब मांडला: नांदेड ते लातूर, लोहा-अहमदपूर-चाकूरमार्गे, जवळपास १४० किलोमीटर, तीन तास, मिनिटाला पाच हजार फेरे धरले तर नऊ लाख फेरे. एवढे फेरे रोलर त्या गळ्यावर घासत असणार. दाजी हसले. म्हणाले, गोफण फिरवली की दगड बाहेर ओढतो ना? वेग वाढला की रोलरही बाहेरच्या अंगाला फेकले जातात, गळ्यावरचा दाब हलका होतो. लांबचा प्रवास त्यांना बाधत नाही. बाधतं ते गाडी जागेवर उभी ठेवून फटफटत राहणं. तेव्हा वेग कमी, आणि स्प्रिंग रोलरला गळ्यावर टेकवून ठेवते.

पण त्यांच्या मते खरा मारेकरी वेगळाच: अशक्त बॅटरी. घर ते शाळा, शाळा ते भाजी, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती भरतच नाही, त्यात आपला उन्हाळा. मग सेल्फ इंजिनाला रेंगाळत फिरवतो, पिस्टन वर पोचायच्या आत ठिणगी पडते, आणि इंजिन उलटा हिसका देतं. पुढे मोटर ढकलते, मागे इंजिन, आणि मध्ये पकडून बसलेले तीन शेंगदाणे. जुन्या हँडलवाल्यांचं मनगट मोडायचं, तोच झटका आता इथे बसतो. तेलाचाही दोष असतो. मोटारीचं ‘गुळगुळीत’ तेल दुचाकीत ओतलं तर ओला क्लच तर घसरतोच, हा रोलरही घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं, इतकं बघायचं.

‘घरीच करू,’ दाजी म्हणाले. ‘दोन तासांचं काम.’

लिंबाच्या झाडाखाली गाडी उजवीकडे भिंतीला टेकवली, म्हणजे आतलं तेल पलीकडे राहतं. डावं कव्हर उघडताना मॅग्नेट ते परत आत ओढतो. माझं बोट चिमटलं तेव्हा कळलं. पुढे मॅग्नेटचा नट. चौथा गिअर टाकून मी गाडीवर बसलो, मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला, आणि दाजी पान्याला पाइप लावून लोंबकळले. नट सुटला. मॅग्नेट सुटला नाही. तो क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसलेला असतो (पुन्हा पाचरच), आणि त्याला काढायला मॅग्नेट पुलर लागतो. हातोडीने हाणायची माझी सूचना दाजींनी अशा नजरेने नाकारली की मी पाणी प्यायला आत गेलो. हाणलं तर आतली चुंबकं तडकतात, क्रँक वाकडा होतो. पुलर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून आणला, तारण म्हणून माझं लायसन्स ठेवून.

पुलर आवळत गेले, आवळत गेले, मग त्याच्या डोक्यावर एकच टोला. ‘टण्ण!’ मॅग्नेट मांडीवर आला. आणि चावी गायब.

चावी म्हणजे क्रँक आणि मॅग्नेटच्या खाचांत बसणारा नखाएवढा अर्धचंद्र. ती जागेवर नसेल तर ठिणगीची वेळ चुकते. आम्ही इंजिनात टॉर्च मारली, तेल बोटांनी चाचपलं, अंगणातली माती चाळली. अक्काने पिठाची चाळणी द्यायला नकार दिला. तासाभराने ती मॅग्नेटच्याच आत, एका चुंबकाला चिकटलेली सापडली.

तोवर दोन तास संपले होते.

रोलर बाहेर काढले. एकाला चक्क सपाट बाजू पडली होती, दुसऱ्यावर ओरखडे, एक स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा आखूड. मी बाजारातून रोलर-स्प्रिंगचा संच आणला, शे-दोनशे रुपयांत, आणि विजयी मुद्रेने पुढे ठेवला. दाजी मात्र चाकाच्या गळ्यावरून नख फिरवत होते. नख अडकत होतं. रोलर जिथे चालतात तिथे खोबण पडली होती, आणि कड्याच्या खाचांतही खड्डे.

‘खचलेल्या जोत्यावर नवी भिंत नको.’

म्हणजे चाकही नवं, कडंही नवं. लातूरच्या तीन दुकानांत माझ्या मॉडेलचं चाक नव्हतं. नांदेडला वजिराबादकडे फोन केला, तिथे निघालं. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर असलेली वस्तू मी लातुरात बसून मागवत होतो. मित्राने ती घेऊन लातूरला निघालेल्या एका माणसाच्या हाती दिली, आणि संध्याकाळी मी बसस्थानकावर अनोळखी चेहरे बघत उभा राहिलो. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते चाक हातात आलं तेव्हा ते गरम होतं. बसच्या इंजिनाशेजारी ठेवलं असावं.

जुनं कडं मॅग्नेटला तीन एलन बोल्टांनी आवळलेलं असतं, आणि कारखान्यातच त्यांच्या आट्यांना धाग्याचा गोंद लावतात, कारण बोल्ट आत ढिला झाला तर कॉइलचा भुगा. गोंद उष्णतेने मऊ होतो, पण मॅग्नेट फार तापवला तर चुंबकं मरतात. दाजींनी रेडिओदुरुस्तीचा सोल्डरिंग आयर्न काढला आणि त्याचं टोक एकेका बोल्टच्या डोक्यावर पाच-पाच मिनिटं धरलं. पहिला सुटला. दुसरा किंचाळत सुटला. तिसऱ्याच्या डोक्यातला षट्कोन एलन किल्लीने गोल करून टाकला, आणि किल्ली त्या वेळी माझ्या हातात होती, हेही लिहिलं पाहिजे.

दाजी काही बोलले नाहीत. अक्काची जुनी गोधडी मागितली, मॅग्नेट तिच्यात बाळंतपणातल्या पोरासारखा गुंडाळला, आणि बोल्टच्या कडेला बारीक छिन्नी तिरकी लावून हलके टोले द्यायला सुरुवात केली. एक टोला, थांबणं. एक टोला, थांबणं. मॅग्नेटला हातोडी लावायची नाही म्हणणारा माणूस मॅग्नेटच्या बोल्टवर हातोडी चालवत होता, आणि प्रत्येक टोल्याचं वजन त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यात वीज गेली. मी मोबाईलचा उजेड धरून उभा. अक्का दोनदा जेवायला बोलावून गेली. साडेनऊच्या सुमारास बोल्ट केसभर हलला.

नवे बोल्ट, नवा गोंद, आणि गोंद पक्का व्हायला रात्र. संपादकांचा फोन आला: तूर कुठवर आली? मी म्हटलं, शिजतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी कणकेचा गोळा मागितला. मॅग्नेटच्या आत चिकटलेला पोलादी चुरा फडक्याने निघत नाही. कणीक दाबून उचलली की तो कणकेत येतो. काळा ठिपकेदार गोळा बघून अक्काने हात जोडले. मग रोलर ग्रीसने जागी चिकटवून चाक फिरवत फिरवत आत दाबलं. एका बाजूला मोकळं फिरलं, दुसऱ्या बाजूला गच्च. दाजींनी ते सात-आठ वेळा फिरवून बघितलं. खात्री पहिल्याच वेळी झाली होती. उरलेल्या वेळा नुसती मजा. क्रँकचं टोक पेट्रोलने कोरडं केलं, चावी, मॅग्नेट, नट, नवं पॅकिंग, कव्हर. रात्रभर चार्ज केलेली बॅटरी.

बटण दाबलं. अर्ध्या सेकंदात इंजिन पेटलं. दाजींनी लगेच बंद केलं, पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा मला दाबू दिलं.

निघताना त्यांनी सपाट झालेला रोलर माझ्या खिशात टाकला. ‘उगं जागेवर फटफट करत ठेवू नका, मेव्हणं. बंद करा, लागली की चालू करा. आता धरतंय.’

अहमदपूरला चहाला थांबलो. गाडी टपरीसमोर लावली, चावीला हात घातला, आणि पुन्हा काढून घेतला. टपरीवाल्याने विचारलं, घाई आहे का? नाही म्हटलं. चहा संपेपर्यंत गाडी तशीच फटफटत उभी होती, आणि आत तीन नवे रोलर घासत होते.