मोडलेली काठी कशी दुरुस्त केली

आमचे घर मालवण तालुक्यात समुद्राच्या जवळ आहे. माझे आजोबा पूर्वी होडीवर जायचे. आता त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते वाळूत उभे राहून गरवतात. गरवणे म्हणजे गरीने मासे धरणे.

त्यांची काठी फायबरची, आतून पोकळ आणि १२ फूट लांब होती. एवढी लांब कशाला? तर लाट किनाऱ्याजवळ फुटते. गरी त्या लाटेच्या पलीकडे पडायला हवी. लांब काठीने शिसे लांब जाते आणि तंगूस लाटेच्या वर राहतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी न विचारता काठी बाहेर काढली आणि दरवाजा लोटला. टोक फटीत सापडले आणि कट्कन मोडले. मी काठी माळ्यावर लपवली. रात्री जेवण गेले नाही. शेवटी आजोबांना खरे सांगितले. मला वाटले, आता मार बसणार. पण ते म्हणाले, "रडतंस कित्याक? काठी मोडली, हात मोडूक नाय मा?"

मग आम्ही दोघांनी ती दुरुस्त केली. ती अशी :

१) मोडलेल्या जागेच्या खाली चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे फायबर चिरत नाही. बाबांनी लोखंड कापायच्या पात्याने टोक सरळ कापले. मग काचपेपरने घासले. फायबरची पूड अंगाला खाजते आणि नाकात जाते, म्हणून तोंडाला फडके बांधले.

२) काठी खाली जाड आणि वर बारीक असते. वीतभर कापल्यावर टोक जाड झाले आणि जुनी रिंग बसेना. बाबांनी बाजारातून मोठ्या भोकाची रिंग आणली. दोन नळ्यांतला डिंक सारखा मिसळून ती चिकटवली. एक डोळा मिटून पाहिले, सगळ्या रिंगा एका ओळीत हव्यात.

३) टोक खाली आले म्हणून वरच्या दोन रिंगा फार जवळ जवळ आल्या. त्यांचे दोरे सोडले. रिळाजवळ रिंग मोठी आणि अंतर जास्त, टोकाकडे रिंग लहान आणि अंतर कमी, असा नियम आहे. रिंगा आधी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने नुसत्या धरल्या. तंगूस ओवून फणसाला बांधला आणि काठी वाकवली. तंगूस काठीच्या बाकाबरोबर गेला पाहिजे. धनुष्याच्या दोरीसारखा लांब राहिला तर रिंग सरकवावी. आम्ही तीन वेळा सरकवली.

४) मग दोरा गुंडाळला. आजोबांना बारीक दिसत नाही, म्हणून हे काम मी केले. वेढ्याला वेढा चिकटून हवा. शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फास ठेवावा. टोक फासात घालून फास ओढला की टोक आत जाते, गाठ लागत नाही. वरून डिंक लावला आणि तो ओघळू नये म्हणून काठी हळूहळू फिरवत राहिलो. माझे हात भरून आले. एक दिवस वाळू दिली.

आता काठी सव्वाअकरा फुटांची आहे. टोक थोडे ताठ झाले. त्यामुळे जड शिसे चालते, पण मुडदुशीने हळू ओढले तर लवकर कळत नाही. म्हणून आजोबा तंगूसावर बोट ठेवतात.

पहिल्या दिवशी दोन मुडदुशा मिळाल्या. आजोबा म्हणाले, "एक तुझी."

मुलांनो, एकट्याने खडपावर गरवायला जाऊ नका. तुटलेला तंगूस वाळूत टाकू नका, त्यात पक्षी आणि कासवे अडकतात. आणि काही मोडले तर लपवू नका. माळ्यावर ठेवून ते नीट होत नाही.

— इयत्ता चौथी