चार रकातींनंतरचा विसावा

रमजानचा चंद्र दिसला की मशिदींमध्ये तरावीहची तयारी सुरू होते. सतरंज्या झटकल्या जातात, पंखे पुसले जातात आणि भिंतीलगत प्लास्टिकच्या चार-सहा खुर्च्या जास्तीच्या मांडल्या जातात. या खुर्च्यांवर बसणारे सगळेच वयोवृद्ध नसतात. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार, मार्केट यार्डात पोती वाहणारा हमाल, दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेला शिंपी, एसटीचा चालक अशी पस्तिशी-चाळिशीतली माणसेही त्यांत असतात. त्याहून जास्त माणसे अशी, की कंबर ठणकत असूनही लोक काय म्हणतील म्हणून खुर्चीला हात लावत नाहीत. पहिल्या रात्री दात आवळून सगळी नमाज पूर्ण करतात आणि तिसऱ्या रात्रीपासून मशिदीत येणेच थांबवतात.

तरावीह म्हणजे रमजानमध्ये रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर अदा केली जाणारी विशेष नमाज. महिनाभरात संपूर्ण कुरआन ऐकण्याची परंपरा तिच्याशी जोडलेली आहे. बहुतेक मशिदींत ती वीस रकातींची असते, काही ठिकाणी आठ. एका रकातीत एकदा कंबरेतून वाकायचे, म्हणजे रुकू, आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकवायचे, म्हणजे सजदा. वीस रकातींत वीस रुकू आणि चाळीस सजदे होतात. वर्षभर ज्याच्या कंबरेला अशा हालचालीची सवय नाही, त्याला एका रात्रीत एवढी मेहनत जड जाणारच.

गंमत अशी, की या नमाजच्या नावातच विश्रांती आहे. अरबीत ‘तरवीहा’ म्हणजे विसावा आणि ‘तरावीह’ हे त्याचे अनेकवचन. दर चार रकातींनंतर थोडे थांबायचे, बसायचे, दम घ्यायचा, मग पुढे जायचे, अशी ही रीत. आज अनेक ठिकाणी घाईत हा विसावा मिनिटा-दोन मिनिटांवर आला आहे. पण जुन्या कंबरदुखीबरोबर कसे जगावे, याचे उत्तर नेमके या रीतीत सापडते. कंबर बंद पडेपर्यंत काम करायचे नाही आणि दुखेल या भीतीने अंथरुणही धरायचे नाही. काम, विसावा आणि पुन्हा काम.

‘गॅप’चा धसका

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीला डॉक्टर जुनाट कंबरदुखी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटी 30 लाखांवर जाईल असा अंदाज आहे. यातल्या दहापैकी सुमारे नऊ जणांच्या दुखण्यामागे एखादे ठराविक, बोट ठेवून दाखवता येईल असे कारण सापडत नाही. म्हणजे दुखणे खोटे असते असे मुळीच नाही. स्नायू, सांधे, मज्जातंतू, कामाचा ताण, अपुरी झोप आणि मनावरचे ओझे या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

आपल्याकडे मात्र एमआरआयचा कागद हातात आला की माणूस खचतो. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’ हे शब्द तो आयुष्यभर बरोबर घेऊन फिरतो. ज्यांना कंबरदुखीचा कसलाही त्रास नाही अशा माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या अशा ठणठणीत माणसांपैकी सुमारे 80 टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्यांची झीज झालेली आढळली. विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण 37 टक्के होते. केस पांढरे होतात तशीच ही झीज. त्यामुळे अहवालातल्या एका ओळीवरून सजदा कायमचा सोडायचा की नोकरी बदलायची, हे ठरवण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलले पाहिजे.

डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. नियमित व्यायाम आणि आजाराची नीट समज देणे यांवर त्यात भर आहे. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांचा सरसकट वापर करू नये, असेही त्यात सांगितले आहे. साधे चालणेही मोठे औषध आहे. ऑस्ट्रेलियातील 701 जणांवर झालेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत चालण्याची सवय लावली, त्यांचे दुखणे परत यायला मध्यमानाने 208 दिवस लागले. इतरांचे 112 दिवसांतच परतले. रमजानमध्ये यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. इफ्तारनंतर थोडे थांबून तरावीहला दुचाकीऐवजी पायी जाता येते.

सवलत म्हणजे कमीपणा नव्हे

राहिला प्रश्न खुर्चीचा. मूळव्याधीने त्रस्त असलेले इम्रान बिन हुसैन हे पैगंबरांचे सहकारी होते. नमाज कशी अदा करावी, असे त्यांनी विचारले तेव्हा मिळालेले मार्गदर्शन हदीसमध्ये नोंदलेले आहे. शक्य तोवर उभे राहून, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करण्याची मुभा त्यात आहे. धर्मशास्त्रात अशा सवलतीला ‘रुखसत’ म्हणतात. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची परवानगी कुरआननेच दिली आहे.

या क्रमात एक शहाणपण आहे. जे जमत नाही तेवढेच सोडायचे, जे जमते ते चालू ठेवायचे. तरावीह फर्ज नाही, सुन्नत आहे. त्यामुळे तिच्यात बसण्याची मोकळीक अधिक आहे. फर्ज नमाजमध्ये किती वेळ उभे राहायचे, सजदा इशाऱ्याने कसा करायचा, हे आपल्या इमामांना विचारून घ्यावे. कंबरेच्या दृष्टीनेही हेच बरे. चार रकाती उभ्याने, चार बसून अशी सुरुवात केली, तर महिनाअखेरीस शरीर बरेच सरावते. नमाज ही इबादत आहे, कंबरेच्या उपचारांची जागा तिला देऊ नये. पंगतीत किंवा कीर्तनात मांडी घालून बसणाऱ्या शेजाऱ्यालाही हाच हिशोब लागू पडतो. अर्ध्या तासाने पाय मोकळे केले म्हणून भक्ती उणी होत नाही.

रोज्यात वेदनाशामक गोळ्यांची काळजी हवी. उपाशी पोटी घेतलेल्या अनेक वेदनाशामक गोळ्या जठराला इजा करतात. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावरही ताण आणतात, विशेषतः रक्तदाबाचे औषध चालू असेल तर. म्हणून गोळी कोणती, किती आणि केव्हा, हे रमजानपूर्वी किंवा पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारावे. इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी थोडे थोडे, पण पुरेसे प्यावे. सहरीसाठी झोप मोडतेच. अपुऱ्या झोपेने वेदना जास्त जाणवते, त्यामुळे दुपारी अर्धा तास पडणे हा आळस नव्हे.

काही लक्षणे मात्र अंगावर काढायची नसतात. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, असे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल किंवा रात्री पडून राहिल्यावरही वेदना थांबत नसतील, तर तपासणी लांबवू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो आणि वेळेवर कळला तर तो औषधांनी बरा होतो.

स्वयंपाकघरातली कंबर

मशिदीत खुर्ची मिळते, स्वयंपाकघरात ती कोणी ठेवत नाही. घरातली बाई सर्वांच्या आधी सहरीला उठते, दिवसभर रोजा ठेवते आणि असरनंतर भजी, चणे, फळांच्या फोडी, शरबत यांच्या मागे उभी राहते. सोलापूरसारख्या शहरात हीच बाई दिवसा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. तिची कंबर दुखते हे घरात सर्वांना ठाऊक असते. पण तिच्यासाठी रुखसत कोण जाहीर करणार?

पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. ही सुन्नत पाळायला फार लागत नाही. इफ्तारचे पदार्थ पाचावरून दोनवर आणावेत. कांदा-बटाटा चिरायला ओट्याशी एक उंच स्टूल ठेवावे. पाण्याची कळशी मुलाने उचलावी, दस्तरखान पुरुषांनी मांडावे आणि आवरावे. रोज्याने दुसऱ्याची भूक कळते असे म्हणतात. या रमजानमध्ये शेजारच्या खोलीतली कंबरदुखीही कळावी.