उरलेल्या फुप्फुसाचं गणित

५ एप्रिल १९३३. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, बार्न्स रुग्णालयात एव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जनने कर्करोग झालेलं अख्खं डावं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता, वय ४८. तो बरा होऊन कामावर परतला आणि पुढे जवळपास ३० वर्षं जगला. ग्रॅहम मात्र त्याच्या आधी, १९५७ मध्ये, फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. सिगरेट आणि या कर्करोगाचं नातं दाखवणाऱ्या १९५० च्या गाजलेल्या अभ्यासाचे ते सहलेखक होते आणि अनेक वर्षं सिगरेटही ओढत होते.

एका फुप्फुसावर माणूस इतकी वर्षं जगतो तरी कसा? हृदयाची उजवी बाजू दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फुप्फुसांकडे ढकलते. एक फुप्फुस गेलं, की तेवढंच रक्त उरलेल्या एकातून जायला हवं. म्हणजे दाब दुप्पट व्हायला हवा. निरोगी माणसात, निदान विश्रांतीच्या वेळी, तसं होत नाही. एरवी फुप्फुसातल्या कितीतरी केशवाहिन्या मिटलेल्या असतात. रक्ताचा लोंढा आला की त्या उघडतात, आधीच उघड्या असलेल्या आणखी रुंदावतात. ही शिल्लक आपण आयुष्यभर जवळ बाळगतो आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

घोडं अडतं ते इथेच. ज्या धुराने कर्करोग होतो, त्याच धुराने ही शिल्लकही आधीच खाल्लेली असते. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारात श्वासनलिका अरुंद होतात. त्याच्याच एम्फिसीमा या प्रकारात वायुकोशांच्या भिंती फाटतात आणि त्यांच्यातल्या केशवाहिन्याही नष्ट होतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही तोच धूर काम करत असतो. अशा रुग्णाचं फुप्फुस कापलं, तर रक्ताला नव्या वाटा सापडत नाहीत आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो.

म्हणून सर्जन आधी हिशेब मांडतो. या हिशेबात फुप्फुसांचे १९ भाग धरतात, उजवीकडे १० आणि डावीकडे ९. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं आणि जितके भाग काढायचे तितका वाटा वजा करायचा. उजवा खालचा खंड म्हणजे ५ भाग. ४ लिटर फुंकणाऱ्याकडे तो काढल्यावर सुमारे ३ लिटर उरतात, २ लिटरवाल्याकडे जेमतेम दीड. प्राणवायू रक्तात किती सहज उतरतो, तेही असंच मोजतात. आकडे काठावर असतील तर रुग्णाला चक्क जिना चढायला लावतात. २२ मीटर, म्हणजे साधारण सहा-सात मजले, जो चढून जातो त्याचा धोका कमी मानतात. जिना हृदय आणि फुप्फुस दोन्हींची परीक्षा एकदमच घेतो.

हृदयाचे पेच वेगळे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत शंभरातल्या दहा ते वीस जणांच्या हृदयाची लय बिघडते. धडधाकट हृदय त्यातून सहसा सावरतं, दुबळ्याला ते महागात पडू शकतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत नुकताच स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतात. ती थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती, चालू ठेवली तर रक्तस्रावाची, आणि थांबून राहिलं तर गाठ वाढण्याची.

पण कधीकधी वजाबाकीचं उत्तर चुकतं, आणि तेही रुग्णाच्या बाजूने! एम्फिसीमाने फुगून निकामी झालेला वरचा खंड नुसता जागा अडवून बसतो. शेजारचं चांगलं फुप्फुस दाबलं जातं, श्वासपटल सपाट होतं. गाठ नेमकी त्याच खंडात असेल तर तो काढल्यावर फुंकर फारशी घटत नाही, काही वेळा वाढतेसुद्धा. याच तत्त्वावर फुप्फुस छोटं करून श्वास सुधारण्याची शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात जोएल कूपर यांनी रूढ केली, तीही सेंट लुईसमध्येच.

पुढचं आश्चर्य २०२२ मध्ये जपानमधून आलं. २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ११०६ रुग्णांपैकी काहींचा पूर्ण खंड काढला, काहींचा त्यातला एखादा भागच. कमी कापलेल्या गटात कर्करोग त्याच जागी परतण्याचं प्रमाण जास्त होतं. तरीही पाच वर्षांनी त्या गटातले ९४.३ टक्के रुग्ण जिवंत होते, पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. पूर्ण खंड काढलेल्या गटात इतर आजारांनी झालेले मृत्यू अधिक होते. राखलेलं फुप्फुस पुढच्या दुखण्यांत उपयोगी पडलं असावं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

या हिशेबातला एक आकडा रुग्णाच्या हाती असतो: वजाबाकीच्या आधीचा. सिगरेट सोडणं, इन्हेलर नियमित घेणं, रोजचं चालणं, श्वासाचे व्यायाम यांनी तो आकडा आणि त्यामागची ताकद काही आठवड्यांतही सुधारू शकते. शस्त्रक्रियेची तारीख ठरताना डॉक्टरांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच: तोवर मी काय करू?