मागील कमानींची लांबी वाढविणें : हिशेब व सावधगिरी

सांप्रत खेडोपाडीं बैलगाडीची जागा बऱ्याच अंशीं पिकअप मोटारीनें व जीपगाडीनें घेतली आहे. ओढ्यानाल्यांतून, नांगरटीच्या ढेकळांतून व घाटाच्या कच्च्या वाटेनें ही गाडी न्यावी लागते. रिकामी असतां ती फार आदळते, म्हणून तिच्या मागील कमानी काढून त्यांच्या जागीं लांब कमानी बसवाव्या, असा सल्ला कोठें कोठें मिळतो. हा सल्ला निराधार नाहीं; परंतु तो ज्या गाडीसाठीं निघाला ती गाडी व आपली गाडी एक नव्हे. म्हणून या उपायाचें मूळ, त्यामागील हिशेब आणि त्याची मर्यादा हीं तिन्ही वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा उपाय विशेषेंकरून अमेरिकेंतला आहे. तेथें कॅलिफोर्निया संस्थानांतील रुबिकॉनची वाट, युटा संस्थानांतील मोॲब गांवाभोंवतालचे खडक, अशा ठिकाणीं केवळ हौसेखातर मोटारी चालविण्याची रीत आहे. टोयोटा कंपनीची लहान पिकअप या कामीं फार लोकप्रिय झाली. तिच्या मागील कमानी सुमारें ४ फूट लांबीच्या असतात. त्या काढून शेव्हरोले कंपनीच्या १९८८ ते १९९८ या काळांतील मोठ्या पिकअपच्या सुमारें ६३ इंची कमानी भंगारांतून आणून बसविणें, हा तेथील हौशी मंडळींचा परिचित प्रयोग होय.

लांब कमानीचा लाभ काय, तें प्रथम पाहूं. खडकाळ जमिनींत गाडीचें एक चाक धोंड्यावर चढतें, तेव्हां दुसरें खळग्यांत उतरलें पाहिजे. कमान आखूड व कठीण असेल तर तें उतरत नाहीं, अधांतरीं राहतें. मागील आंसाच्या मध्यावरील डिफरन्शियल साध्या प्रकारचा असल्यास तो दोन्ही चाकांस सारखाच जोर देतो. अधांतरीं चाकास फिरण्यास जोर लागतच नाहीं. म्हणून जमिनीवरच्या चाकासहि तितकाच क्षुल्लक जोर मिळतो. एक चाक गरगर फिरतें व गाडी जागच्या जागीं राहते. चिखलांत रुतलेली गाडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. लांब कमान चाक जमिनीस टेकवून ठेवते. तिचा मुख्य गुण हा आहे. मऊ बैठक हा दुय्यम.

आतां हिशेब. कमानीचा कठीणपणा, म्हणजे ती एक इंच दबण्यास किती भार लागतो तें, चार गोष्टींवर अवलंबून असतें. पाट्यांची संख्या दुप्पट केल्यास कठीणपणा दुप्पट होतो, रुंदीचेंहि तसेंच. जाडी दुप्पट केल्यास मात्र तो आठपट होतो, कारण येथें घन घ्यावा लागतो. लांबीचाहि घनच, पण उलट. लांबी दुप्पट केली तर कठीणपणा एकअष्टमांश राहतो. ४८ इंची कमानीच्या जागीं तितक्याच पाट्यांची, त्याच रुंदीची व जाडीची ६३ इंची कमान घातली असें समजूं. ६३ भागिले ४८ म्हणजे सुमारें १.३१, आणि त्याचा घन सुमारें २.२६. म्हणजे जुनी कमान ज्या भारानें १ इंच दबत होती त्याच भारानें नवी सव्वादोन इंच दबेल. लांबी एकतृतीयांशाहूनहि कमी वाढली, आणि कठीणपणा शेंकडा ४४ वर आला.

दुसरा हिशेब शेतकऱ्याच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा आहे. भार तोच ठेवला असतां पोलादावर पडणारा ताण लांबीच्या सरळ प्रमाणांत वाढतो. वरील उदाहरणांत तो शेंकडा ३१ नें वाढला. म्हणजे नवी कमान नुसती मऊच झाली नाहीं, तर भार सोसण्यास कमजोरहि झाली. तो ताण पूर्ववत् करावयाचा तर पाटे वाढविले पाहिजेत. ५ पाट्यांच्या जागीं साडेसहा, म्हणजे व्यवहारांत ७. तसें केल्यावर मात्र लांबीचें खरें सामर्थ्य दिसून येतें. ७ पाट्यांची ती कमान जुना भार पूर्वीहून किंचित् कमी ताणांत वाहते, तरी तिचा कठीणपणा जुन्याच्या शेंकडा ६२ च राहतो. शिवाय पाट्याची जाडी तीच असल्यास, पोलादाच्या सोसण्याची हद्द येईपर्यंत ती पूर्वीच्या सुमारें पावणेदोनपट दबूं शकते. यावरून लांब कमान म्हणजे दुबळी कमान असें नव्हे. परंतु लांबी वाढवून पाटे तेवढेच ठेवणें, किंवा मऊपणाच्या लोभानें पाटे उलट कमी करणें, हें मालवाहू गाडीस घातक आहे.

बसविण्याच्या कामांतहि पुष्कळ खांचाखोंचा आहेत. १५ इंचांची जादा लांबी सामावण्यासाठीं चासीवरील पुढची बैठक पुढें व शॅकलची बैठक मागें सरकवावी लागते. मधला बोल्ट कमानीच्या बरोबर मध्यावर असतोच असें नाहीं. म्हणून त्याच्यापासून दोन्ही डोळ्यांपर्यंतचें अंतर निरनिराळें मोजावें, नाहीं तर आंस पुढें-मागें होऊन चाक मडगार्डास घांसतें. शेव्हरोलेची कमान अडीच इंच रुंद व टोयोटाची त्याहून थोडी अरुंद असल्यामुळें आंसावरील बैठकी व यू-बोल्टहि बदलावे लागतात. कमान दबली कीं सरळ होऊन तिची पल्ल्याची लांबी वाढते, व ही वाढ शॅकल झुलून सोसतो. यास्तव गाडी आपल्या भारावर उभी असतां शॅकलचें खालचें टोंक किंचित् मागें झुकलेलें असावें, आणि तो दोन्ही दिशांस मोकळा झुलतो कीं नाहीं हें पाहून घ्यावें.

बैठकी प्रथम नुसत्या टांक्यांवर पकडाव्या. गाडी चाकांवर उभी करून माप पटल्यावरच पक्कें वेल्डिंग करावें. कमानीच्या पाट्यास मात्र वेल्डिंग किंवा गॅसची आंच कदापि लावूं नये. विळ्याकोयत्यास जसें पाणी दिलेलें असतें तसें या पोलादासहि दिलेलें असतें. आंचेनें तें उतरतें व पाटा नेमका तेथेंच दगा देतो. जुनी कमान घेतांना मुख्य पाट्याच्या डोळ्यापाशीं व मधल्या छिद्रापाशीं चीर आहे काय तें उजेडांत नीट तपासावें. यू-बोल्ट नवेच घ्यावे, व थोडी धांव झाल्यावर पुनः आवळावे.

याखेरीज तीन गोष्टी विसरल्यास जिवावर बेततें. पहिली, आंसाचा पीळ. चाकें पुढें ढकललीं जात असतां आंस उलट दिशेनें फिरूं पाहतो; लांब व मऊ कमान त्यामुळें नागमोडी वांकते, चाक उड्या घेतें आणि शाफ्टचा सांधा तुटण्याचा संभव असतो. त्यावर उपाय म्हणून आंसापासून चासीपर्यंत एक आधारदांडी बसवितात. तिचें एक टोंक शॅकलवर झुलतें ठेवतात, म्हणजे पीळ अडतो पण आंसाची वरखाल हालचाल अडत नाहीं. दुसरी गोष्ट, प्रोपेलर शाफ्ट. आंस अधिक खालीं उतरूं लागला कीं शाफ्टचा सरकता सांधा अधिक बाहेर येतो, व तो अपुरा असल्यास निखळतो. म्हणून गाडी उचलून, आंस पूर्ण लोंबवून, सांधा किती उरतो तें पाहावें. तिसरी गोष्ट, ब्रेक. ब्रेकची रबरी नळी व शॉक-ॲब्सॉर्बर नव्या चालीस पुरेसे लांब हवे. कांहीं पिकअपांत भाराप्रमाणें मागील ब्रेकचा दाब कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह आंसास दांडीनें जोडलेला असतो. कमान बदलली कीं त्यास भाराचा अंदाज चुकीचा मिळतो, आणि उतारावर मागील ब्रेक प्रमाणाबाहेर कमी किंवा जास्त लागतो.

कायद्याची बाजूहि ध्यानांत घेतली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ मध्यें नामंजूर फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जमिनीचा फेरफार जसा नोंद मंजूर झाल्यावांचून पुरा होत नाहीं, तसेंच येथेंहि समजावें. प्रादेशिक परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करून लेखीच उत्तर घ्यावें. कारखान्यांतल्या मिस्त्रीच्या तोंडी भरंवशावर हजारों रुपये घालूं नयेत.

मग शेतकऱ्यानें काय करावें? ज्या गाडींतून कांदा, द्राक्षें किंवा खताचीं पोतीं वाहावयाचीं, आणि बाजाराच्या दिवशीं घरचीं माणसेंहि न्यावयाचीं, तिच्या कमानी लांब करण्याच्या भरीस पडूं नये असेंच आमचें मत आहे. भाराखालीं ती अधिक दबेल, वळणावर अधिक कलंडेल, आणि उंची वाढविली असल्यास बांधाच्या उतारावर उलटण्याचें भय वाढेल. रिकामी गाडी आदळते म्हणून तक्रार असेल तर प्रथम टायरांतील हवा कंपनीनें सांगितलेल्या मापाची आहे काय, शॉक-ॲब्सॉर्बर गळतो काय, शॅकलचे बुश झिजले काय, व पाटे गंजून एकमेकांस चिकटले काय, हें पाहावें. त्यांतील दोष काढल्यास पुष्कळ वेळां निम्मी तक्रार मिटते. भाराखालीं गाडी बसते अशी तक्रार असेल तर लांब कमान हें उलटें औषध होय; भरलेली गाडी एकदां वजनकांट्यावर नेऊन आपण ठरलेल्या वजनापेक्षां अधिक माल भरतों काय, याची खात्री करून घ्यावी, आणि थकलेली कमान त्याच मापाच्या नव्या कमानीनें बदलावी.