तेलाच्या पडद्यापलीकडचं जस्त

व्हिस्कोज रेयॉनचा धागा ज्या आम्लाच्या हौदात आकार घेतो, त्यात झिंक सल्फेट मुद्दाम घालतात. जस्तामुळे धागा सावकाश घट्ट होतो, ताणायला अवधी मिळतो आणि त्याला बळकटी येते. पुढे धुलाईत हेच जस्त सांडपाण्यात उतरतं. नेहमीचा उपाय चुन्याचा. चुना टाकला की जस्त गाळ होऊन तळाशी बसतं. पण तो गाळ घातक कचरा म्हणून तळोज्यासारख्या ठिकाणी पुरायला न्यावा लागतो. विकत घेतलेला धातू पुन्हा पैसे मोजून पुरायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

ऑस्ट्रियातल्या लेन्झिंगच्या रेयॉन कारखान्यानं १९८६ मध्ये वेगळी वाट धरली. ग्राझच्या तंत्रविद्यापीठातले रोल्फ मार आणि योझेफ ड्राक्सलर यांच्या संशोधनातून तिथं द्रव पटलाचा प्रकल्प उभा राहिला. मूळ कल्पना अमेरिकेत एक्सॉनमध्ये काम करणाऱ्या नॉर्मन ली यांची. तिचं पेटंट १९६८ चं.

इथला पडदा म्हणजे चक्क तेल. केरोसीनसारख्या तेलात गंधकाम्ल इतकं घुसळतात, की त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे थेंब होतात. हे दुधासारखं पांढरं मिश्रण सांडपाण्यात सोडून बेतानं ढवळलं, की त्याचे मिलिमीटरभराचे गोळे बनतात. गोळ्याच्या पोटात असंख्य आम्लथेंब, भोवती तेल, बाहेर सांडपाणी. तेलात विरघळलेले वाहक रेणू बाहेरच्या काठावर आपला हायड्रोजन सोडून जस्ताचा आयन उचलतात, तेल ओलांडतात, आतल्या आम्लाकडून हायड्रोजन परत घेतात आणि जस्त तिथं उतरवून पुढच्या खेपेला निघतात. आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जस्त साठलं तरी खेपा चालूच राहतात, कारण त्यांना जोर पुरवतं ते आतलं आम्ल.

खरी कसोटी गोळ्यांच्या टिकण्याची. ते पाण्यातच फुटले, तर पकडलेलं जस्त पुन्हा पाण्यात. म्हणून साबणाच्या जातीचं रसायन घालून पडदा मजबूत करतात. पण काम झाल्यावर तेच मिश्रण फुटायलाही हवं! लेन्झिंगला हे विजेनं साधलं. हजारो व्होल्टच्या क्षेत्रात थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, जस्ताचा द्राव खाली बसतो, तेल वर येतं. तेल परत घुसळायला, झिंक सल्फेट परत हौदात. पडदा फार चिवट झाला तर वीज हरते, सैल राहिला तर गळतो. शिवाय बाहेरचं पाणी आत झिरपून साठवलेला द्राव पातळ होतो. हा तोल रोज सांभाळणं सोपं नाही. तंत्र फार पसरलं नाही, ते माझ्या मते यामुळेच.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अभ्यासलेला एक प्रकार घुसळण टाळतो. सच्छिद्र पोकळ तंतूंच्या भिंतींत वाहक द्राव भरतात. केशाकर्षणानं तो छिद्रांत धरून राहतो. द्राव अगदी थोडा लागत असल्यानं किरणोत्सारी धातूंसाठीचे महागडे वाहकही परवडतात. मात्र द्राव हळूहळू निसटतो, तो पुन्हा भरावा लागतो.

धातू असा परत मिळवायचा, तर मुलामा देणाऱ्या आपल्या छोट्या कारखान्यांत आधी एवढं व्हावं: जस्ताचं धुवण, निकेलचं धुवण, क्रोमचं धुवण यांच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात. सगळं एकाच टाकीत गेल्यावर कुठलाही वाहक हव्या त्याच धातूला सहजी उचलून आणू शकत नाही.