पहिल्या आठवड्यात मातेला हवा आधार

नेवासे येथे प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची टेकडी आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेली मातीची भांडी सापडली. त्यांत लहान मुलांचे अवशेष होते. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. गेलेले बाळ घराबाहेर न्यायलाही त्या मातापित्यांचे मन धजावले नसेल, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नवजात जीव आजही तितकाच नाजूक आहे. त्याला जपणारे पहिले साधन मातेच्या अंगी असते, ते म्हणजे तिचे दूध. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके शंभरात सुमारे ४२ च होती. त्याच पाहणीत शंभरापैकी सुमारे ८९ प्रसूती रुग्णालयात झाल्याची नोंद आहे. म्हणजे रुग्णालयात पोहोचलेल्या मातेलाही या कामी मदत मिळतेच असे नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा पिवळसर, दाट चीक प्रमाणाने थोडा असतो. बाळाचे पोटही तेव्हा अगदी लहान असते, त्यामुळे तो पुरतो. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. तो पिळून टाकणे आणि त्याऐवजी मध, गुळाचे पाणी वा घुटी देणे बाळाला अपायकारक ठरू शकते. भरपूर दूध सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरते. नेमक्या याच काळात ‘हिला दूधच नाही’ असा शेरा कानी पडतो, वरचे दूध सुरू होते, बाळ छाती कमी ओढते आणि मग दूध खरोखरच कमी होते. बाळ जितके ओढील तितके दूध तयार होते. म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली माताही शुद्धीवर येताच मदतीने पाजू शकते.

स्तनाग्रांना चिरा पडण्याचे मुख्य कारण म्हणजे बाळाची चुकीची पकड. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे. त्याने मोठा ‘आ’ केला की केवळ स्तनाग्र न देता भोवतीचा बराचसा काळा भागही तोंडात जाऊ द्यावा. हनुवटी छातीला टेकलेली व खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. दुखत राहिल्यास करंगळीने पकड सोडवून पुन्हा लावावे. छाती दाटून कडक झाली तर पाजणे थांबवू नये. हाताने थोडे दूध काढून छाती मऊ करावी व मग पाजावे. ताप येऊन छाती लाल झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

पाचव्या दिवसापासून बाळाने दिवसाला सहा वा अधिक वेळा लघवी केली आणि त्याचे वजन वाढू लागले, तर दूध पुरते आहे असे समजावे. बाळ पिईनासे झाले, मलूल वा थंड पडले, त्याला ताप आला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्या बाळांना ओढता येत नाही, त्यांच्यासाठी काढलेले दूध वाटी-चमच्याने देता येते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. तेथे मातांनी दान केलेले दूध अकाली जन्मलेल्या व आजारी बालकांना दिले जाते. २०२६ मध्ये डॉ. फर्नांडिस यांना पद्मश्री जाहीर झाली.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी घरी यावे, अशी शासकीय योजना आहे. तिला दारातून परत पाठवू नये; तिच्यासमोर बाळाला पाजून दाखवावे व अडचण मोकळेपणाने सांगावी.

जानेवारी २०१७ मध्ये सिस्टाईन चॅपेलमधील बाप्तिस्माविधीच्या वेळी बाळे रडू लागली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी मातांना तेथेच निःसंकोचपणे पाजण्यास सांगितले होते. पवित्र मरियेनेही येशूला असेच पाजले, याची आठवण त्यांनी करून दिली. आपल्या घरांतही बाळंतिणीला असाच निःसंकोच वाव मिळावा. सासूबाईंनी दोष न देता जवळ बसावे, पतीने रात्री बाळ उचलून द्यावे, अनुभवी शेजारणीने घटकाभर येऊन पकड पाहावी. पहिल्या आठवड्यात एवढा आधार लाभला, तर बहुतेक अडचणी दूर होतात.